पाठ दिसते, ओळख पटत नाही : सोनोरन वाळवंटातल्या मारेकरी ढेकणांचे फोटो

फोटो झकास येतो. डोळा टोकदार, पाठीवरचे केस सुटे सुटे दिसतात, मागे पिवळी फुलं धूसर झालेली. आणि तरी ओळख सांगणारा जाणकार लिहितो, "रेडुव्हिडी कुळातला आहे. पुढचं सांगता येणार नाही. खालच्या बाजूचा फोटो आहे का?" तो नसतो. पुढच्या आठवड्यात दुसरा कीटक, दुसरा फोटो आणि पुन्हा तेच उत्तर.

मी आठ वर्षं टूसॉनला राहतो, म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या सोनोरन वाळवंटात. पहिली दोन वर्षं माझं हेच चाललं होतं. आता फिनिक्स-टूसॉनकडची मराठी मंडळी मला हेच विचारतात. कुणाला बागेत दिसलेला असतो, कुणाला ओसरीच्या दिव्याखाली, आणि बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते: हा तो चावरा, रोग पसरवणारा तर नाही ना? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी मांडतो.

आधी नावाचं बघू. रेडुव्हिडी कुळातल्या या कीटकांना इंग्रजीत असॅसिन बग म्हणतात. मराठीत एकच रुळलेलं नाव नाही. शेतीविषयक लिखाणात 'परभक्षी ढेकूण' असा शब्द येतो. मी 'मारेकरी ढेकूण' म्हणतो, कारण ते त्याचं काम चोख सांगतं. गादीतल्या ढेकणाशी नातं आहे, पण लांबचं. जगभरात या कुळाच्या साधारण 7,000 जाती आहेत आणि त्या जवळपास सगळ्या इतर कीटकांची शिकार करून जगतात. एक शाखा मात्र रक्तावर जगते. टूसॉनमध्ये राहणाऱ्याला ती शाखा वेगळी ओळखता यायलाच हवी, म्हणून तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

ओळख पोटाखाली असते

मार्च-एप्रिलमध्ये टूसॉनभोवतीच्या टेकड्यांचे उतार ब्रिटलबुशने पिवळे होतात. राखाडी-पांढरट पानांचं गुडघ्या-मांडीएवढं झुडूप, सूर्यफुलाच्या कुळातलं. फांदी मोडली की राळ येते. स्पॅनिशमध्ये याला 'इन्सिएन्सो', म्हणजे धूपच म्हणतात, कारण जुन्या मिशनांमध्ये ही राळ धूप म्हणून जाळत. याच फुलांवर एपिओमेरस वंशातले ढेकूण दबा धरून बसतात. मधमाश्या टिपतात म्हणून इंग्रजीत ते 'बी असॅसिन'. पुढचे दोन्ही पाय उचललेले, केसाळ, आणि त्या केसांवर झाडाची राळ माखलेली. माशी फुलावर टेकली की आधी चिकटते आणि मग सोंड आत जाते.

दोन वसंत मी या कीटकांचे वरून फोटो काढले. काळ्या अंगावरची लाल-पिवळी नक्षी, पाठीवर ऊन, देखणं चित्र. एकाचीही जात ठरली नाही. शेवटी एका अभ्यासकानं दाखवून दिलं की इथं सापडणाऱ्या जातींपैकी एकीचं नाव एपिओमेरस फ्लॅव्हिव्हेंट्रिस आहे. लॅटिनमध्ये फ्लॅवस म्हणजे पिवळा आणि व्हेंटर म्हणजे पोट. जातीचं नावच 'पिवळ्या पोटाचा' असं, आणि माझ्याकडे शंभरावर पाठी होत्या, पोट एकही नव्हतं.

या वंशात पाठीवरचे रंग फार बदलतात. एकाच जातीतला एक जवळपास काळा निघतो, दुसरा लालभडक. 2011 साली उत्तर अमेरिकेतल्या एपिओमेरसच्या दोन गटांची शास्त्रीय फेरमांडणी झाली, त्यात नव्या जातींचीही भर पडली. त्यामुळे जुन्या पुस्तकातल्या एखाद्या चित्राशी पाठ जुळवून नाव ठोकून देण्यात आता अर्थ राहिलेला नाही. पोटाचा रंग, पोटाच्या कडेवरचे पट्टे आणि पाय एकत्र पाहिले तरच काही म्हणता येतं.

त्याच सुमारास बाबांना व्हिडिओ कॉलवर मी हे फोटो दाखवत होतो. आमचं शेत अकोला जिल्ह्यात, कपाशीचं. त्यांनी पाच-सहा फोटो पाहिले आणि म्हणाले, "अरे, वरून कायले पाह्यतं? लाल ढेकण्या अन् त्याले खानारा, दोन्ही वरून लालच दिसते. उलटा करून सोंड पाह्य." बोंडातल्या सरकीचा रस शोषणारा लाल ढेकण्या आणि पिकातल्या अळ्या खाणारा ऱ्हायनोकोरिस, दोघंही लाल-काळे. एक पिकाचा शत्रू, दुसरा मित्र, आणि फवारणी करायची की नाही हे त्या ओळखीवर ठरतं. आयुष्यभर कपाशीत उभ्या राहिलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही.

तर उपाय असा. एका कीटकाचे चार फोटो झाल्याशिवाय जागा सोडायची नाही: वरून एक, बाजूनं एक ज्यात डोकं आणि सोंड स्पष्ट दिसेल, पोटाचा एक, आणि पुढच्या पायाचा जवळून एक. देखणा फोटो नंतर. क्रम महत्त्वाचा आहे, कारण हा कीटक सुरुवातीला हलत नाही, तुमच्या हालचाली वाढल्या की फुलाखाली सरकतो. म्हणून मी सुरुवात बाजूनं करतो. वरचा फोटो उडून जाण्याआधीच्या अर्ध्या क्षणातही मिळतो, सोंडेचा मिळत नाही.

पोटाचा फोटो कसा काढायचा, इथं बहुतेकांचं अडतं. हातात धरू नका. मारेकरी ढेकूण बचावासाठी चावतो आणि त्या चाव्याची कळ मस्तकात जाते. माझ्याकडे दोन साधनं असतात. एक म्हणजे लहान, स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची डबी. कीटक तिच्यात सरकवायचा, झाकण लावायचं, तो भिंतीवर चढला की पलीकडून पोट दिसतं. लेन्स भिंतीशी अगदी काटकोनात धरायची आणि मागे काळं कापड ठेवायचं, म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब पडत नाही. दोन मिनिटांत फोटो, आणि कीटक परत त्याच फुलावर. काही जण कीटक बर्फाच्या पेटीत गार करून सुस्त करतात. मी करत नाही. डबीत काम होत असताना त्याला थंडीत कोंबायची गरज मला वाटत नाही.

दुसरं साधन आरसा. दातांचे डॉक्टर वापरतात तसा, दांडीचा, छोटा गोल. सवारो नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाही, तिथं आरसाच कामाचा. फुलाच्या खालून तो सरकवायचा आणि आरशात पोटाचं प्रतिबिंब टिपायचं. इथं एक अडचण हमखास येते: आरशाची कडा टोकदार येते आणि ढेकूण धूसर. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस आरशाच्या काठावर किंवा त्यावरच्या धुळीवर अडकतो. प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे लेन्सपासून आरशापर्यंतचं अधिक आरशापासून कीटकापर्यंतचं. हातानं फोकस करा आणि आरशाच्या पुढे जा. मला हे कळेपर्यंत अख्खा एप्रिल गेला.

एपिओमेरसच्या पोटाबाबत आणखी एक सांगायला हवं. टॉमस आयझनर या कीटकशास्त्रज्ञानं 1988 साली याच फ्लॅव्हिव्हेंट्रिसच्या मादीबद्दल लिहिलं. कॅम्फरवीड नावाच्या वनस्पतीची राळ ती खरवडून घेते, पोटाला लावून ठेवते आणि अंडी घातल्यावर त्यांवर माखते. त्या लेपानं अंड्यांचं मुंग्यांसारख्या शत्रूंपासून रक्षण होतं. ब्रिटलबुशवरही राळ गोळा करणाऱ्या माद्या मी पाहिल्या आहेत. फोटोसाठी याचा अर्थ असा की मादीच्या पोटावर मधोमध चिकट, मळकट, कधी वाळू लागलेला डाग असू शकतो. तो तिचा रंग नव्हे. त्याच्या कडेचा, स्वच्छ भागाचा रंग पाहा. पुढच्या पायांवर मणी चमकतात तेही फ्लॅशचे ठिपके समजून पुसू नका. ती राळ आहे आणि वंश ओळखायला तिचा उपयोग होतो.

आधी कूळ तरी बरोबर आहे का?

मला दाखवले जाणारे निम्म्याहून अधिक 'मारेकरी ढेकूण' मारेकरी नसतातच. ते असतात पानपाये, म्हणजे लेप्टोग्लॉसससारखे रस शोषणारे ढेकूण. दिसायला तसेच लांबट, तपकिरी, गंभीर. मागच्या पायाची नडगी पाहा. पानासारखी चपटी, पसरट असेल तर तो पानपाया. पण सगळ्या जातींत ती तितकी ठळक नसते, म्हणून पुन्हा सोंडेकडे यायचं.

मारेकऱ्याची सोंड आखूड, जाड, तीन सांध्यांची आणि वाकलेली असते. बाजूनं पाहिलं तर डोकं आणि सोंड यांच्यामध्ये कमानीसारखी पोकळी दिसते, जणू कुणी बोट आकड्यासारखं वाकवून हनुवटीखाली धरलंय. पानपायाची सोंड लांब, बारीक, चार सांध्यांची, आणि ती पोटाखाली पायांच्या मधून सरळ मागे जाते. रक्त पिणाऱ्या ट्रायाटोमाची सोंड या दोघांच्या मधली: तीन सांधे मारेकऱ्यासारखे, पण बारीक, सरळ, डोक्याच्या खालच्या बाजूला चिकटून झोपलेली. कमान दिसत नाही. हे तीन आकार एकदा डोळ्यात बसले की वरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा बाजूनं काढलेला एक धूसर फोटोही जास्त सांगतो.

सोंड दिसतच नसेल तर दोन गोष्टी वरूनही तपासता येतात. मारेकऱ्याचं डोकं लांबट आणि डोळ्यांच्या मागे आवळलेलं असतं, मान असल्यासारखं. आणि पंखाच्या टोकाकडचा पातळ पडदा नीट पाहा: मारेकऱ्यात साधारण दोन मोठे बंदिस्त कप्पे दिसतात, पानपायात कंगव्यासारख्या जवळजवळ समांतर शिरांची गर्दी. त्यासाठी पंखावर चकाकी येऊ न देणं भाग आहे, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

डाळिंबाच्या झाडाबद्दल वेगळं लिहितो, कारण दर उन्हाळ्यात त्याचे फोटो येतात. टूसॉनमध्ये अनेकांच्या परसात डाळिंब असतं. त्यावर नारिंगी-लाल, काळ्या पायांची पिल्लं घोळक्यानं दिसतात आणि लोक आनंदानं कळवतात की बागेत परभक्षी आले, आता कीड आटोक्यात येईल. ती बहुधा लेप्टोग्लॉससची पिल्लं असतात आणि डाळिंबाचंच नुकसान करतात. मारेकरी ढेकणाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर थोडा वेळ एकत्र दिसतात, पण पुढे ती एकेकटी वावरतात. एकमेकांनाही खातात. अर्धी-अधिक वाढ झालेली पिल्लं फळावर गटागटानं बसली असतील तर शंका घ्या, आणि सोंडेचा फोटो काढा.

झेलस मात्र डाळिंबावरही येतो आणि तो खरा मारेकरी. हिरवट-तपकिरी, सडपातळ, लांब पायांचा. त्याच्या पुढच्या पायांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, ते त्याच्या स्वतःच्या ग्रंथींतून येतात, झाडाच्या राळेतून नव्हे. झेलस टेट्राकँथस ओळखायचा तर मानेमागच्या ढालीवरचे चार काटे दिसायला हवेत, आणि ते बरोब्बर वरून सपाट दिसतात. कॅमेरा थोडा खाली, पंचेचाळीस अंशांवर आणा, काटे सावलीसकट उठून येतात.

काळा ठिपका, पांढरी चकाकी आणि एक मिलिमीटर

एपिओमेरस दुपारच्या आसपास जोरात असतो आणि वाळवंटातलं दुपारचं ऊन फोटोला सर्वांत वाईट. काळं अंग पूर्ण काळं, त्यावर पांढरे फटाके. कॅमेऱ्याचा दोष नाही, उजेडच कठोर आहे. ऊन अडवा आणि स्वतःचा मऊ उजेड द्या. मी एका हातानं पांढऱ्या पातळ कापडाची छोटी छत्री धरतो आणि फ्लॅशपुढे दुधी प्लास्टिकचा पडदा लावतो, कीटकाच्या जितका जवळ नेता येईल तितका. पडदा कीटकाच्या आकाराच्या तुलनेत जेवढा मोठा, तेवढी चकाकी पसरट आणि सौम्य. पंखावरच्या त्या दोन कप्प्यांच्या शिरा याच उजेडात दिसतात.

मॅक्रो लेन्सवर एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराएवढा, लेन्सचं छिद्र एफ/11 ठेवलं, तरी फुल-फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर असते. ढेकूण दोन सेंटिमीटरचा. डोळा धरला तर सोंड जाते, सोंड धरली तर पाय. लोक इथं छिद्र आणखी लहान करतात, एफ/22, एफ/32. मग सगळंच मऊ होतं, कारण एकास एक आकारात एफ/11 मुळातच एफ/22 सारखं वागत असतं आणि त्यापुढे प्रकाशाचं विवर्तन तपशील खातं. त्यापेक्षा मागे सरका. अर्ध्या आकारात, त्याच एफ/11 ला, खोली जवळजवळ चार मिलिमीटर मिळते. फोटो नंतर कापून मोठा करा. ओळखीसाठी अर्ध्या आकारातला पूर्ण स्पष्ट कीटक केव्हाही बरा. आणि लेन्स कीटकाच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे ती चार मिलिमीटर वाया जात नाहीत.

वाऱ्यानं फूल हलतं, त्याला माझा इलाज एवढाच की देठाच्या खाली, कीटकापासून वीतभर लांब, कपड्याचा चिमटा लावून तो जमिनीत रोवलेल्या काडीला अडकवतो.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी: बहुतेक फोन साधारण 35 अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी असतात. जूनमध्ये इथं त्याहून चार-पाच अंश जास्त नेहमीचं. फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो, आणि नेमका त्याच वेळी कीटक समोर असतो. फोन खिशात ठेवू नका, पाण्याच्या गार बाटलीशेजारी कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा. स्वतःसाठी पाणी वेगळं.

रात्री दिव्याखाली

मे ते जुलै, पावसाच्या आधीच्या कोरड्या गरम रात्री ओसरीच्या दिव्याला जे येतात त्यांची नावं वेगळी. रॅसाहस थोरॅसिकस, नारिंगी-तपकिरी, चपळ, पंखावर ठसठशीत नारिंगी ठिपका. रेडुव्हिअस सेनिलिस, फिकट मातकट. आणि ट्रायाटोमा.

पांढरा कपडा टांगून त्यावर फोटो काढला की कीटक काळाठिक्कर येतो. कॅमेरा कपड्याचा उजेड मोजतो आणि सगळं चित्र अंधारं करतो. एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). अतिनील किंवा जांभळट दिव्याखाली रंग तर पार बिघडतात: नारिंगी कडा करडी दिसते, तपकिरी अंग काळं. फोटोपुरता तो दिवा बंद करा, फक्त फ्लॅशवर काढा. ट्रायाटोमा रुबिडाच्या पोटाच्या कडेची नारिंगी पट्टी अशीच एका फोटोत गायब झाली होती आणि तिला ट्रायाटोमाचीच दुसरी जात, प्रोट्रॅक्टा, समजून मी महिनाभर चुकीची नोंद ठेवली होती.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती आपल्या लोकांत जास्त. कॅमेरा भारतातून आणलेला, घड्याळ भारतीय वेळेवर. अ‍ॅरिझोना साडेबारा तास मागे आहे. 3 जूनच्या रात्री नऊला काढलेला फोटो 4 जून, सकाळी साडेनऊ असा नोंदला जातो. नोंद वाचणाऱ्याला वाटतं हा दिवसा फुलावर फिरणारा कीटक, आणि तो त्या दिशेनं विचार करायला लागतो. घड्याळ लावून घ्या. बहुतेक अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, तेव्हा 'आपोआप बदल' हा पर्यायही बंद ठेवा.

इथलं हवामान खातं 15 जून ते 30 सप्टेंबर हा काळ मान्सूनचा धरतं. होय, शब्द तोच, आणि जुलैतला पहिला पाऊस पडल्यावर ओल्या क्रेओसोटच्या झुडपांचा जो वास येतो त्यानं मला दर वर्षी मृगाची आठवण होते. त्या दिवसांत एसीच्या खोलीतून कॅमेरा सरळ बाहेर नेलात तर लेन्सवर दव धरतं आणि सगळे फोटो धुक्यातले येतात. अर्धा तास आधी तो बंद पिशवीत घालून बाहेर ठेवा.

आकार कळावा म्हणून शेजारी एक सेंटचं नाणं ठेवतो. त्याचा व्यास 19.05 मिलिमीटर, म्हणजे साधारण रुबिडाच्या लांबीएवढा. नाणं कीटकाच्याच पातळीवर हवं, पुढे-मागे झालं की माप फसतं.

रक्त पिणारे

दक्षिण अ‍ॅरिझोनात ट्रायाटोमाच्या तीन जाती मुख्य: रुबिडा, प्रोट्रॅक्टा आणि रिकर्व्हा. यांचं घर म्हणजे जंगली उंदरांनी काटक्या आणि निवडुंगाचे काटे गोळा करून रचलेले ढीग. तिथून उन्हाळ्याच्या रात्री उडून दिव्याकडे येतात. कार्लोस चागास या ब्राझीलच्या डॉक्टरनं 1909 साली ज्या रोगाचा शोध लावला, त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा क्रूझी यांच्या पोटात असू शकतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टूसॉनमधून गोळा केलेल्या ढेकणांपैकी सुमारे 41 टक्क्यांमध्ये तो आढळला.

आकडा वाचून धडकी भरते, म्हणून पुढचंही वाचा. परजीवी चाव्यातून जात नाही, कीटकाच्या विष्ठेतून जातो, ती जखमेत किंवा डोळ्यात चोळली गेली तर. इथल्या जाती रक्त पिताना सहसा अंगावर विष्ठा टाकत नाहीत, त्यामुळे इथंच लागण झालेले रुग्ण विरळ. टूसॉनमध्ये जास्त नजीकचा धोका ॲलर्जीचा आहे. चाव्यानंतर अंगभर पित्त उठलं, ओठ-घसा सुजला, श्वास लागला, तर फोटो-ओळख बाजूला ठेवून ताबडतोब आपत्कालीन सेवेला फोन करा.

घरात सापडला तर उघड्या हातानं चिरडू नका. उलटा पेला ठेवा, खाली कागद सरकवा, बंद डबीत घ्या आणि डबीतूनच वरून, बाजूनं, पोटाकडून फोटो काढा. डबीत असताना बारीक कुरकुर ऐकू आली तर घाबरू नका. या कुळातले कीटक सोंडेचं टोक छातीखालच्या खाचेवर घासून तो आवाज काढतात, मारेकरीही आणि ट्रायाटोमाही. तो सापडला ती जागा साबणानं, मग जंतुनाशकानं पुसा. झोपायच्या खोलीत किंवा अंथरुणात सापडला असेल तर डबी फेकू नका, सार्वजनिक आरोग्य विभागाला विचारा.

आणि उलट बाजूही तितकीच खरी. या भीतीपोटी रॅसाहस, रेडुव्हिअस, एपिओमेरस रोज चपलेखाली जातात. बाजूनं काढलेला एक फोटो त्यांना वाचवू शकतो.

पिल्लं

पिल्लाचं नाव जातीपर्यंत नेण्याचा हट्ट बहुधा फसतो. पाच वेळा कात टाकून ते प्रौढ होतं, दर टप्प्यावर रूप बदलतं, आणि नुकती कात टाकलेली असेल तर काही तास अंग नारिंगी-लाल, पारदर्शक असतं. असा लाल कीटक दिसला तर शेजारी रिकामी कात लटकलेली शोधा, तिचाही फोटो काढा. रेडुव्हिअसची पिल्लं अंगावर धूळ, वाळू, धागे चिकटवून फिरतात आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या गुठळीसारखी दिसतात. ती धूळ झटकू नका, तिच्यासकट फोटो काढा, तीच ओळख आहे.

जुन्या फोटोंचं काय करायचं

टाकून देऊ नका. गेल्या हिवाळ्यात मी पहिल्या दोन वर्षांचं सगळं पुन्हा उघडलं. चांगले म्हणून निवडलेले सोडून, बिघडलेले म्हणून बाजूला टाकलेले पाहिले. उडताना, घसरताना, फुलाच्या कडेवरून खाली लोंबताना काढलेले, हललेले. एकात एपिओमेरस पाकळीच्या काठावरून तिरका झाला होता, माशीला धरून, आणि पंखाखालून पोटाचा एक तुकडा दिसत होता. सावली उजळल्यावर तो पिवळा निघाला. सोबत कडेचे पट्टे आणि पायही दिसत होते. कित्येक वर्षं 'एपिओमेरस, जात अनिश्चित' म्हणून पडलेल्या त्या नोंदीला त्या अभ्यासकानं फ्लॅव्हिव्हेंट्रिस नाव दिलं.

बाकीच्या बहुतेक नोंदी वंशापाशीच थांबलेल्या आहेत, कारण त्यात पाठीशिवाय काही नाही. त्या मी तशाच ठेवल्या आहेत, जागा आणि तारीख नीट लावून. बाबांना तो पिवळ्या पोटाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता सोंड दाखव."